मॅप सेन्सरला फसवून टायमिंग सुधारत नाही

प्रश्न : माझी १५० सीसीची एफआय (फ्युएल इंजेक्शनची) गाडी आहे. मॅप सेन्सरच्या सिग्नल वायरला व्हेरिएबल रेझिस्टर लावला की टायमिंग ॲडव्हान्स होतं (ठिणगी आधी पडते) आणि आंबोलीच्या चढाला पिकअप मिळतो, असं एका ओळखीच्याने सांगितलं. लावू का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : लावू नका. मॅप सेन्सर इनटेकमधला हवेचा दाब मोजतो. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना वेंगुर्ल्यात तो १०१ किलोपास्कलच्या आसपास दाखवेल. सपाट रस्त्यावर अर्धवट थ्रॉटलला दाब बराच उतरतो, थ्रॉटल पूर्ण उघडला की पुन्हा बाहेरच्या दाबाजवळ येतो. दाब कमी असेल तेव्हा सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते. भरगच्च मिश्रण झपाट्याने जळतं, तिथे ठिणगी थोडी उशिरा हवी. सिग्नलचं व्होल्टेज पाडलं की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) लोड कमी वाटतो आणि तो टायमिंग पुढे घेतो. इथपर्यंत तुमच्या ओळखीच्याचं बरोबर आहे.

पण त्याच आकड्यावर ईसीयू पेट्रोलही मोजून देतो. म्हणजे ॲडव्हान्स वाढतो आणि त्याच वेळी मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. सावकाश, एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, त्यामुळे गावात फिरताना काहीच बिघडलेलं वाटत नाही. चढाला थ्रॉटल पिळला की ईसीयू ती दुरुस्ती सोडून देतो, आणि नेमकं तिथेच नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिन टरटरणं) सुरू होतं. काही गाड्यांचा ईसीयू मोठ्या थ्रॉटलला मुख्यतः टीपीएसवर (थ्रॉटल किती उघडला ते सांगणाऱ्या सेन्सरवर) चालतो. पण चावी ऑन करताना बाहेरचा हवेचा दाब तो बहुधा याच सेन्सरवरून वाचतो. रेझिस्टरमुळे १०१ च्या जागी ९६ दिसले, तर बंदरावर उभी असलेली गाडी आपण साडेचारशे मीटर उंचीवर आहोत असं धरून चालते आणि सगळीकडेच पेट्रोल कापते.

आधीच लावून चालवली असेल तर प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले, तर नॉकिंग झालेलं आहे. चकाकणारे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. त्याच दिवशी रेझिस्टर काढा आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या.

प्रश्न : जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला प्रोग्रॅमेबल सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा, आकडे बदलता येणारा डबा) बसवला आहे. त्याला मॅप सेन्सर जोडता येतो. पाइप कुठून काढावा? टेबलमध्ये (आरपीएम आणि दाबानुसार टायमिंगच्या तक्त्यात) आकडे काय भरावेत? आयडलला रीडिंग सारखं नाचतं.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : हा मार्ग योग्य आहे, कारण इथे सेन्सर फक्त टायमिंग ठरवतो, पेट्रोलला हात लागत नाही.

पाइप कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या मॅनिफोल्डवरून काढा. ४ मिमीचा पितळी निपल, जाड भिंतीचा पाइप, लांबी १५-२० सेंमी. सेन्सर निपलपेक्षा वर ठेवा, म्हणजे आत जमलेलं पेट्रोल आपोआप खाली उतरेल.

रीडिंग नाचणं हा बिघाड नाही. सिंगल सिलिंडरमध्ये दाब इनटेक स्ट्रोकला एकदा खोल खाली जातो आणि बाकीचा वेळ चढत राहतो. सीडीआयमध्ये ‘प्रत्येक सायकलचा किमान दाब’ घेण्याची सोय असेल तर तीच निवडा. नसेल तर पाइपमध्ये साधारण १ मिमी भोकाचा पितळी रेस्ट्रिक्टर घाला. त्याहून बारीक नको. दाब पोचायला उशीर झाला, तर थ्रॉटल उघडल्यावर क्षणभर जुनाच कमी लोड दिसतो आणि जास्तीचा ॲडव्हान्स ऐन वेळी नडतो.

टेबलला हात लावण्याआधी स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लखलखणारा, टायमिंग तपासायचा दिवा) हवाच. सीडीआय १० अंशांवर फिक्स करा, मॅग्नेट कव्हरचं बूच काढा आणि ठिणगी खरोखर १० अंशांवर पडते का ते बघा. डिग्रीच्या खुणा नसतील तर आधी ‘टी’च्या खुणेपासून (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) मोजून खडूने खूण करून घ्या. फरक असेल तर सीडीआयमधला ऑफसेट (तो फरक भरून काढणारा आकडा) बदला. हे टाळलं तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा.

मग मूळ सीडीआय परत जोडून १५००, ३०००, ४५००, ६००० आरपीएमला त्याचं टायमिंग स्ट्रोबने उतरवा. एअरकूल्ड १५० सीसीला आयडलला १० आणि वर २८-३० अंशांच्या आसपास मिळणं नेहमीचं. तुमच्या गाडीचे आकडे तुमचे. ते ८५ ते १०० किलोपास्कलच्या ओळींत जसेच्या तसे भरा. तिथून खाली दर १० किलोपास्कलला १ अंश वाढवा, एकूण वाढ ४-५ अंशांवर थांबवा. आयडलभोवतीच्या चौकटींत मात्र एकच आकडा ठेवा, नाहीतर आरपीएम वरखाली होत राहतो.

चाचणी कुंभार्ली घाटात, इंजिन पूर्ण तापल्यावर, मागे माणूस बसवून, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर घ्या. टरटर ऐकू आली की त्या चौकटीतून २-३ अंश काढा. नॉकिंगच्या कडेपर्यंत जाण्यात काही मिळत नाही. शेवटचे दोन अंश ताकद नाही, उष्णता वाढवतात. ई२० पेट्रोलचा ऑक्टेन चांगला असतो, पण कार्ब्युरेटरची गाडी त्यावर थोडी लीन चालते, तेव्हा प्लगचा रंग आणि जेट आधी बघून घ्या.

फेलसेफ विसरू नका. पाइप निसटला तर सेन्सर बाहेरचा दाब दाखवतो, टायमिंग मागे येतं, त्यामुळे नॉकिंगचा धोका टायमिंगकडून नाही. सिग्नल वायर तुटून व्होल्टेज शून्यावर आलं तर सीडीआयला पूर्ण व्हॅक्यूम वाटतो आणि तो सगळा ॲडव्हान्स देऊन टाकतो. ०.३ व्होल्टच्या खाली गेलं की १०० किलोपास्कलची ओळ वापर, अशी मर्यादा घाला.

प्रश्न : पावसाळ्यानंतर एफआय गाडी आयडलला पेट्रोलचा वास मारते, पिकअपही मंद आहे. मेकॅनिक मॅप सेन्सर बदला म्हणतो. बदलू का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आधी कनेक्टर उघडा. खाऱ्या हवेत अर्थच्या पिनवर हिरवट थर चढतो. अर्थमध्ये अडथळा आला की सिग्नलचं व्होल्टेज वर सरकतं, ईसीयूला दाब जास्त वाटतो, पेट्रोल वाढतं आणि टायमिंग मागे जातं. आयडलला हा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. मल्टिमीटर लावा: सप्लायला ५ व्होल्ट हवेत; कनेक्टर जोडलेला आणि चावी ऑन असताना सेन्सरची अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह यांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ करा, रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

सेन्सरचा निपल हाताशी येत असेल तर ५० मिलीची सिरिंज लावून ओढा. सिग्नल खाली यायला हवा आणि दट्ट्या धरून ठेवला तर तिथेच थांबायला हवा. हळूहळू चढत गेला तर जोड घट्ट बसवून पुन्हा ओढा. तरीही चढला तरच नवा सेन्सर घ्या. थ्रॉटल बॉडीवर तो इतर सेन्सरांसह एकत्र बसवलेला असेल, तर काढताना ओ-रिंगही नवी टाका.