जिभेवरचे चवीचे रिसेप्टर (पदार्थ ओळखणारी पेशीवरची प्रथिनं) आतड्यातही असतात, मग कडू खाल्ल्याने आतड्याची प्रतिकारशक्ती वाढते का?

वाढते असं म्हणायला आधार नाही. रिसेप्टर आतड्यात आहेत हे खरं, पण तेवढ्यावरून फॉरवर्डमधल्या 'कारल्याचा रस प्या, आतड्याची प्रतिकारशक्ती वाढेल' या सल्ल्यापर्यंत पोचणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. यातलं सगळ्यात पक्कं काम सक्सिनेट या आतड्यातले सूक्ष्मजीव सोडतात त्या रसायनावर झालंय, कडू पदार्थांवर नाही. ते न वाचता फॉरवर्ड लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

लहान आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या, आतड्यात काय आलंय ते हेरणाऱ्या पेशी असतात. निरोगी उंदरात शंभरात एखादी, तीही जेमतेम. जिभेवरच्या चवपेशींमधली यंत्रणाच त्यांच्यात असते: गस्टड्युसिन, पीएलसी-बीटा-2, टीआरपीएम5 ही संदेश पुढे नेणारी प्रथिनं. पण इथली चव मेंदूला कळत नाही. त्याऐवजी टफ्ट पेशी आयएल-25 हे संदेश देणारं प्रथिन सोडते. त्याने अस्तराखालच्या आयएलसी2 या प्रतिकारपेशी आयएल-13 हे दुसरं संदेश-प्रथिन सोडतात, ते क्रिप्टमधल्या (अस्तरातल्या खळग्यांमधल्या) मूलपेशींवर काम करतं, आणि नव्या पेशींमध्ये टफ्ट व श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त निघतात. श्लेष्मा वाढला की जंतांना टिकणं अवघड. हे चक्र 2016 मध्ये तीन गटांनी दाखवलं.

2018 मध्ये कळलं की ट्रायट्रायकोमोनास हा उंदराच्या आतड्यातला आदिजीव जे सक्सिनेट सोडतो, ते टफ्ट पेशींवरचा एसयूसीएनआर1 हा रिसेप्टर पकडतो. हा चवीचा रिसेप्टर नाहीच. चवीची आहे ती पुढची वायरिंग. 'आतडं चव घेतं' असं सरसकट लिहिणाऱ्यांशी माझा वाद इथेच आहे.

प्रयोगशाळेत उंदरांवर प्रयोग करून पाहणार असाल तर त्यांच्या पिण्याच्या पाण्यात 150 मिलिमोलर (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) सक्सिनेट द्या, आठवडाभर. डायसोडियम सक्सिनेट हेक्झाहायड्रेट (स्फटिकात पाणी धरलेला प्रकार) लिटरला 40.5 ग्रॅम लागतं, निर्जल असेल तर 24.3. बाटलीवरचं लेबल न वाचता निर्जल पावडर 40.5 ग्रॅम घातली की द्रावण 250 मिलिमोलर होतं. सक्सिनिक आम्ल नको. पाणी आंबट झालं की उंदीर कमी पितात. कंट्रोल गटाला (तुलनेसाठी ठेवलेल्या, सक्सिनेट न दिलेल्या उंदरांना) साधं पाणी देणं चूक आहे. सोडियम जुळवायला लिटरला 17.5 ग्रॅम मीठ घाला, नाहीतर फरक सक्सिनेटचा की सोडियमचा हे सांगताच येणार नाही.

सगळ्यात जास्त प्रयोग मात्र वेगळ्याच कारणाने फसतात: उंदरांत आधीपासून ट्रायट्रायकोमोनास असतो. मग कंट्रोलमध्येही टफ्ट पेशी भरपूर, आणि सक्सिनेटचा परिणाम दिसत नाही. सुरुवातीलाच सीकममधला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतला) ताजा मळ सलाइनमध्ये कालवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शेपट्या हलवत फिरणारे जीव लगेच दिसतात. शेवटी आतड्याची गुंडाळी करून काप घ्या, टफ्ट पेशींची खूण असलेलं डीसीएलके1 हे प्रथिन रंगवा आणि दोन्ही गटांत आतड्याच्या त्याच भागातल्या टफ्ट पेशी मोजा. माणसाच्या ऊतीत डीसीएलके1 वर विसंबू नका, पीओयू2एफ3 हे प्रथिन खूण म्हणून घ्या.

जंतांचं गणित आणखी वेगळं. निपोस्ट्रॉन्गायलस या जंताला उंदीर एसयूसीएनआर1 नसतानाही बाहेर काढतो, म्हणजे तिथे खूण दुसरीच आहे.

कडूच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: 2019 मध्ये उंदराच्या टफ्ट पेशींनी ट्रायकिनेला जंताच्या अर्काला कडू रिसेप्टरमार्फत प्रतिसाद दिल्याचं दिसलं. पण तिथे रिसेप्टरने ओळखला तो जंत, ताटातली भाजी नव्हे.

घरात मुलाला जंत असतील तर अल्बेंडाझोल द्या: दोन वर्षांवरील मुलांना 400 मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी, चुरून पाण्यातून. मूल आजारी असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कारलं आवडत असेल तर खुशाल खा. दुधीचा रस मात्र कडू लागला तर पहिल्या घोटालाच थुंका आणि उरलेला ओतून द्या. कडू दुधीतल्या क्युकरबिटासिनने रक्ताच्या उलट्या होतात, माणसं दगावलीही आहेत.