डायरेक्ट सेकंड इयरला आले, पण वर्गात माझं कुणीच नाही

"मॅडम, वर्गात साठ जण आहेत. मी आले काय नि नाही आले काय, कुणाला काही नाही. घरी परत जाऊ का?"

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलंमुली दिवाळीच्या आधी समुपदेशकाकडे हमखास हा प्रश्न घेऊन येतात. इथली केस एकाच मुलीची नाही, अशा अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. वय १९, लातूर जिल्ह्यातून पुण्यात आलेली, डिप्लोमाला चांगले मार्क. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत वर्ग सुरू झालेले. बाकीच्यांचे ग्रुप पहिल्या वर्षीच जमलेले. हजेरीपटावर हिचं नाव शेवटी. सहा आठवड्यांत तिनं वर्गात बोलणं बंद केलं होतं, जेवणाचं ताट खोलीवर न्यायला लागली होती आणि रोज संध्याकाळी दोन-अडीच तास आईशी फोनवर असायची.

अशा वेळी लगेच 'मैत्री कशी करावी' सांगायला बसू नये. आधी झोप, भूक आणि अभ्यासातलं लक्ष याबद्दल विचारायचं. 'जगणं नकोसं वाटतं का' हेही आडवळणानं नाही, थेट विचारायचं. मग दुसरा प्रश्न: जात, आडनाव, गाव, बोली यावरून कुणी मुद्दाम त्रास देतंय का? उत्तर 'हो' असेल, तर मुलीला विचार बदलायला सांगणं हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे. तिथं कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, हाच मार्ग.

हिच्या बाबतीत तसं नव्हतं. पण एकदा वर्गात गावाकडच्या बोलीत "सर, लिहायलेय अजून" म्हणाल्यावर मागच्या बाकावरच्या दोघी हसल्या होत्या. ते खरं होतं, दुखणंही खरं होतं. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं म्हणून ते उडवून लावलं असतं, तर ती पुढं काही बोललीच नसती.

माणसाला आपलेपणाची भूक असतेच. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३मध्ये गरजांची क्रमवारी मांडली, तेव्हा अन्न आणि सुरक्षिततेनंतर लगेच प्रेम नि आपलेपणा ठेवला. समुपदेशनात जास्त उपयोगी पडते ती रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांची १९९५ची मांडणी. ही भूक भागायला दोन गोष्टी लागतात: त्याच त्या माणसांशी वारंवार, बिनतक्रार भेटी, आणि एकमेकांची काळजी असलेलं, टिकणारं नातं. नुसत्या ओळखी पुरत नाहीत. लांबून होणारी मायासुद्धा पुरत नाही. आईचा फोन दुसरी गरज भागवत होता, पहिली नाही. उलट मेसमध्ये बसायचा वेळच त्यात जात होता.

मग तिला तीन रकाने आखायला सांगितले: काय घडलं, मी काय अर्थ लावला, तो तपासायचा कसा. पहिली नोंद प्रॅक्टिकलची. एका गटाकडे गेल्यावर "आमचे चार झालेत" असं उत्तर आलं. अर्थ लावला, 'त्यांना मी नको.' तपासणी, सरांना विचारणं. एका किटवर चारच जण बसवायचे असा नियम होता आणि पलीकडच्या गटात तिघं होते. प्रत्येक नोंद अशी सरळ सुटली नाही. हसण्याच्या नोंदीपुढं तिसरा रकाना तिनं कोराच ठेवला. तो तसाच राहू दिला.

यानंतर तासांचा हिशेब. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात नुसती ओळख जुजबी मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास लागलेले दिसले, मैत्री म्हणावी इतपत व्हायला ९० आणि जवळची मैत्री व्हायला २००हून जास्त. शिवाय एकत्र काम केल्याचे तास फारसे कामी येत नाहीत. जेवण, चहा, गप्पा यांचे येतात. आकडे तिकडचे आहेत, अंदाजापुरते घ्यावेत. पण आठवड्यातून सहा रात्री मेसला ४० मिनिटं धरली तरी ४ तास होतात. म्हणजे ५० तासांना बारा-तेरा आठवडे, जवळजवळ अख्खं सेमिस्टर. हिनं निकाल सहाव्या आठवड्यात लावला होता, तोही ताट खोलीवर नेऊन.

ठरवलं ते इतकंच. रात्री आठला मेसमध्ये, शक्यतो त्याच टेबलावर बसायचं. प्रॅक्टिकल संपलं की त्या तिघांबरोबर टपरीवर चहा. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी छोटी मदत मागायची: हुकलेल्या लेक्चरच्या वह्या, गणितातलं एखादं उदाहरण. आईचा फोन साडेनऊला, २० मिनिटं. अख्ख्या वर्गात मिसळायचं उद्दिष्ट मुद्दाम ठेवलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात घोळ झाला. ती वर्गातल्या तिघींची जर्नलं लिहून द्यायला लागली. एकटं पडलेलं माणूस असं उपकारांनी जागा मिळवायला बघतं. त्यातून मैत्री होत नाही, सबमिशनपुरती विचारपूस होते, आणि ती थांबली की जखम आणखी खोल जाते. म्हणून नियम केला: समजावून सांगायचं, लिहून द्यायचं नाही.

तिला सर्वांत जास्त धीर मिळाला तो तिच्यासारखीच डिप्लोमाहून आलेल्या, आता शेवटच्या वर्षाला असलेल्या एका ताईकडून. "पहिलं सेमिस्टर मीपण बॅग भरूनच काढलं गं," असं ती म्हणाली. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात नेमकं हेच केलं होतं. सुरुवातीचं परकेपण बहुतेकांना येतं आणि ओसरतं, हे नव्या विद्यार्थ्यांना मोठ्यांच्या अनुभवांतून वाचायला दिलं. काम साधारण तासाभराचं, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत राहिले.

सेमिस्टरच्या शेवटी तिला मोठा ग्रुप मिळाला नव्हता. प्रॅक्टिकलमधली एक मैत्रीण आणि मेसच्या टेबलावरच्या दोघी, एवढंच. परत जायचा विषय मात्र तिनं काढला नाही.

आईवडिलांसाठी: "आज कुणी बोललं का?" हे रोज विचारू नका, त्याची परीक्षा होते. "मेसला काय होतं? शेजारी कोण बसलं होतं?" असं विचारा. 'लगेच ये' किंवा 'आता परत यायचं नाही', दोन्ही फोनवर म्हणू नका. निर्णय सेमिस्टर संपल्यावर, समोरासमोर. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी मदत घ्या आणि तोवर तिला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.