सही करण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू तुझ्या कांदा-साठवणीच्या प्रकल्पाला पैसा देणाऱ्या कंपनीच्या कराराचा मसुदा ठेवून गेलीस, तो रात्रीच वाचून काढला. तुझ्या कामाला पैसा मिळतोय याचा मला फार आनंद आहे. 2020-21 साली आपल्या देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या अवघा 0.64 टक्के होता. सरकारी अनुदानाची वाट पाहता पाहता उमेदीची वर्षं घालवलेली गुणी पोरं मी पाहिली आहेत. उद्योगाचं दार ठोठावलंस हे योग्यच केलंस. पण सातव्या कलमाने माझी झोप उडवली.

प्रकल्पातली कुठलीही माहिती कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही, असं ते म्हणतं. परवानगी किती दिवसांत द्यायची, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

असंच एक कलम मी पूर्वी न वाचता मान्य केलं होतं. काम गंजरोधक लेपाचं होतं, पैसे एका कारखान्याचे. माझ्या विद्यार्थ्याने दोन पावसाळे लेप दिलेले लोखंडी पत्रे टांगून मोजमाप केलं आणि लेप दमट हवेत टिकत नाही असं निघालं. कारखान्याने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चौदा महिने त्याचा प्रबंध माझ्या कपाटात पडून राहिला आणि त्याची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. कारखान्याने आपलं हित पाहिलं. त्या पोराचं हित पाहणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. ही गोष्ट मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

कंपनीची काळजी खोटी नसते, हेही समजून घे. शोध आधी छापून आला तर तो नवा राहत नाही आणि पेटंट हातचं जातं. त्यावर उपाय आहे. लेख पाठवण्याआधी त्यांना वाचायला दे, नव्वद दिवसांची मुदत दे. तेवढ्यात तात्पुरता पेटंट अर्ज दाखल होऊ शकतो, पूर्ण तपशील द्यायला कायदा पुढे 12 महिने देतो. नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, हे वाक्य करारात हवंच. निकाल कंपनीला गैरसोयीचा निघाला तरी हाच नियम, हेही लिहून घे. आणि तुझ्या हाताखालच्या विद्यार्थिनीचा प्रबंध या सगळ्यातून स्पष्ट शब्दांत मोकळा ठेव.

आता तुझ्या संशोधनाच्या विषयाबद्दल. कांदा सडायला लागला की चाळीतल्या, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारातल्या, हवेत जो फरक पडतो, तो यंत्राने ओळखायचा, ही कल्पना चांगली आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीपर्यंत त्यातला 30 ते 40 टक्के घट, सड आणि कोंब यांत जातो. पण कंपनीला यंत्र विकायचं आहे आणि शेतकऱ्याला कांदा वाचवायचा आहे. वास आला, यंत्र वाजलं, पुढे काय? भरलेल्या चाळीतून मधलाच सडका थर कोण आणि कसा काढणार? हे तू चाळीत उभं राहून विचारलं आहेस का? शेतमालाला किरण देऊन तो टिकवणारं लासलगावचं विकिरण केंद्र आठव. 2002 साली ते उभं राहिलं तेव्हा डोळ्यांसमोर कांदा होता. गॅमा किरणांनी कोंब थांबतात, विज्ञान पक्कं होतं. पण सड त्याने थांबत नाही, आणि काढणीनंतर वेळेत माल तिथवर न्यायचा, पुन्हा नीट साठवायचा, हे गणित चाळवाल्याला सोपं नव्हतं. त्या केंद्राचं नाव झालं ते 2007 साली तिथे किरण देऊन अमेरिकेला निघालेल्या हापूसमुळे. हापूसचं भलं झालं याचा आनंदच आहे, पण कांद्याचा प्रश्न आजही तुझ्यासमोर उभा आहे.

2010 साली तू शाळेत असशील. निफाड-दिंडोरीची द्राक्षं त्या वर्षी युरोपात अडकली. वेलीची वाढ आवरायला वापरतात त्या क्लोरमेक्वाटचे, आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश मण्यांत सापडले. निर्यातीआधी आपल्याकडे रसायनांच्या तपासणीची शेकडो निकालपत्रं तयार होत होती, पण तपासायच्या यादीत हे रसायनच नव्हतं. प्रयोगशाळा होती, यंत्रं होती. वेलीला काय काय दिलं जातं हे बागेत जाऊन विचारून ती यादी रेटणारं कुणी नव्हतं. कर्ज बागायतदाराच्या डोक्यावर राहिलं. म्हणून सांगतो, प्रकल्पाचे पहिले दोन महिने फक्त चाळींसाठी ठेव आणि त्या फिरण्याचा खर्च अंदाजपत्रकात मांड.

पैसा सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी खर्चायच्या निधीतून देऊ, असं ते तुला तोंडी म्हणाले आहेत. तसं असेल तर कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम त्या पैशातून करता येत नाही. म्हणजे निकालावर एकट्या कंपनीची मालकी सांगणारं नववं कलम टिकणार नाही. एकतर सीएसआर, नाहीतर मालकी. हे सौम्यपणे, पण पहिल्याच बैठकीत विचार. आणि सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना विसरू नकोस. त्यांच्याकडे लाखांची देणगी नसते, पण रात्रपाळीला रिकामं असलेलं मशीन आणि तीस वर्षं लोखंड हाताळलेला फोरमन असतो. तुझ्या यंत्राचा सांगाडा धुळीत, दमटात टिकेल असा तोच बनवून देईल.

मसुद्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. रविवारी सकाळी ये, सातवं आणि नववं कलम आपण नव्याने लिहून काढू. त्याआधी एखादी भरलेली चाळ बघून ये आणि चाळवाल्याने काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून आण.

तुझा,
सर