उरलेली पगारी सुट्टी दान केली तर अमेरिकेत टॅक्स कुणाला लागतो?

तुम्ही विचारलंय की सुट्ट्यांचे पैसे कंपनीने परस्पर चॅरिटीला दिले, माझ्या हातात काहीच आलं नाही, मग मला टॅक्स कशाला? तर नॉर्मली लागतोच. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) दृष्टीने ती तुमचीच कमाई, फक्त तुम्ही ती दुसरीकडे वळवली. समजा २००० डॉलरची सुट्टी सोडली, तर तेवढे डब्ल्यू-२ मध्ये (कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-कराच्या फॉर्ममध्ये) पगार म्हणून येणार, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी पेन्शन-आरोग्य योजनांचे ७.६५ टक्के कापले जाणार आणि दानाची वजावट २०२५ पर्यंत साधारणपणे आयटमाइझ करणाऱ्यांनाच, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट मागणाऱ्यांनाच मिळायची, बहुतेक लोक स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट घेतात त्यामुळे ते बसायचे हात चोळत.

पण मोठ्या आपत्तीच्या वेळी आयआरएस खास सवलत काढते, २००१ च्या ९/११ नंतर, २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ, मग कोविडला २०२० मध्ये आणि तीच पुढे २०२१ अखेरपर्यंत वाढवली. तेव्हा कंपनीने त्या आपत्तीच्या मदतीसाठी पात्र संस्थेला मुदतीत रोख पैसे दिले की ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतच नाहीत. मात्र तुम्हाला वजावट मागता येत नाही, ती कंपनी घेते. बरोबरच आहे म्हणा, जे उत्पन्नच धरलं नाही त्याची वजावट कसली!

आजारी सहकाऱ्यासाठी लीव्ह बँकेत (कर्मचाऱ्यांनी दिलेल्या सुट्ट्यांच्या सामायिक साठ्यात) सुट्टी टाकणं हे वेगळं प्रकरण. मेडिकल इमर्जन्सीची नियमात बसणारी स्कीम असेल तर टॅक्स सुट्टी घेणाऱ्याला, देणाऱ्याला ना टॅक्स ना वजावट.

सही करायच्या आधी एचआरला एवढंच विचारा, हे डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ मध्ये, म्हणजे करपात्र पगाराच्या रकान्यात दिसणार का?