पाना उचलायच्या आधी : तुमचे सायकलचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं सायकलबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर पत्रांचा ढीगच लागला बाप्पा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण काही प्रश्न फिरून फिरून येऊन राहिलेत ते आज घेतो. आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येक पत्रात दिसली, काहीतरी आवाज आला की लोक आधी पाना काढतात आणि मग बघतात. उलटं करा ना राजेहो, आधी बघा.

प्रश्न : मुलासाठी ऑनलाइन सायकल मागवली, खोक्यात आली, व्हिडिओ बघून मीच घरी जोडली. पण वळताना पोराचा बूट पुढच्या चाकाला घासतो आणि हँडल सारखं डगमगतं. परत पाठवू का? (एक बाबा, मानेवाडा)

परत नका पाठवू. सायकल भिंतीला टेकवा आणि बाजूने बघा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्याला घासणारा ब्रेक, असेल तर पुढच्या ब्रेकचे दोन्ही हात चिमट्याच्या (पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरतो तो भाग, फोर्क) पुढच्या अंगाला हवेत, पेडलकडे नाही. डिस्क असेल तर चकती सीटवर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला हवी. माझी पैज आहे, तुमचा चिमटा उलटा लागलाय. खोक्यात मावावा म्हणून पॅकिंग करताना तो फिरवून ठेवलेला असतो आणि आपण त्याच्यावर हँडल सरळ बसवून मोकळे होतो. चाक मागे सरकतं म्हणून बूट लागतो आणि सायकलचा तोलही बिघडतो.

हँडल जिथे चिमट्याच्या दांड्याला पकडतं तिथले नट ढिले करा, चिमटा अर्धा फेरा फिरवा, ब्रेकची वायर कुठे पिळली जात नाही ना ते बघा, मग कसा. कसल्यावर पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल डावी-उजवीकडे जोरात फिरवून बघा, नुसतं हँडल फिरलं आणि चाक जागेवर राहिलं तर अजून कसायचं आहे. दुसरी टेस्ट, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या खाली जिथे जोड आहे तिथे बोट ठेवा, टक-टक लागलं तर तिथले छर्रे ढिले आहेत. आणि हँडलचा किंवा सीटचा दांडा वर ओढताना त्याच्यावर कोरलेली रेघ दिसायला लागली की थांबा, ती रेघ आतच राहायला पाहिजे, नाहीतर दांडा वाकतो नाहीतर निघून येतो.

पेडलबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना डावं पेडल नेहमीसारखं उजवीकडे कसत बसलो, जाईना म्हणून पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, आणि क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे पार मोडून ठेवले. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं ते वाचा. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल कसले जातात, मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही खुलतात. आणि सुरुवातीचे दोन-तीन फेरे हातानेच, पाना नंतर.

प्रश्न : मे महिन्यात गच्चीवर उभी सायकल, कोणी हातही लावला नाही आणि दुपारी फटाक्यासारखा आवाज होऊन टायर फुटला. आमच्याकडे सगळे म्हणतात नागपूरचं ऊन आहे, होणारच. खरं का? (एक काकू, खामला)

ऊन अर्धं गुन्हेगार आहे काकू, पूर्ण नाही. हिशोब बघा, सकाळी २७ डिग्रीला ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा भरली आणि काळा टायर तापलेल्या स्लॅबवर ६२ डिग्रीपर्यंत गेला, तर आतली हवा साधारण ६८-६९ होते. धडधाकट टायरला एवढं काहीच नाही. म्हणजे आधीच कुठेतरी काहीतरी कच्चं होतं, उन्हाने फक्त शेवटचा धक्का दिला.

फुटलेली ट्यूब फेकू नका, तीच सगळं सांगते. जुन्या पॅचच्या कडेला सुटली असेल तर उन्हाने सोल्युशन ढिलं झालं. रिमकडच्या बाजूला बारीक भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आणि स्पोकचं टोक लागलं. व्हॉल्वच्या बुडाशी फाटली असेल तर व्हॉल्व तिरका बसला होता. आणि लांबच लांब चीर असेल तर ट्यूब टायर आणि रिमच्या मधात चिमटली होती, म्हणजे मागच्या वेळी ज्याने बसवली त्याने घाई केली. शेजारी-शेजारी साप चावल्यासारखी दोन भोकं दिसली तर ते चालवताना झालेलं असतं, हवा कमी असताना खड्ड्यात गेल्याने, ऊन बिचारं त्यात कुठेच नाही.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा खालचा आकडा आणि वरचा आकडा. उन्हाळ्यात मधातच राहा. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरत असाल तर लक्ष ठेवा, सायकलच्या ट्यूबमध्ये जागाच केवढीशी, दोन सेकंदात काटा पार पुढे जातो. घरात मीटरवाला उभा पंप असला की हे टेन्शनच नाही. नवीन ट्यूब टाकताना आधी थोडी फुंकर घालून गोल करून घ्या, आणि टायरच्या आतून कापड फिरवा, बाभळीचा काटा बसलेला असला तर कापड अडकतं. बोट नका फिरवू, बारीक तारेने कापतं.

प्रश्न : माझी काळी जुनी सायकल आहे, रोज सकाळी भाजी आणायला नेतो. चेन करकर करून राहिली म्हणून मोटरसायकलचं काढलेलं काळं ऑइल घातलं, दोन दिवस बरं वाटलं, आता जास्तच. खोबरेल तेल चालेल का? (एक काका, महाल)

काका, खोबरेल डोक्यालाच राहू द्या, थंडीत ते चेनवर मेणासारखं गोठतं. आणि जुनं इंजिन ऑइल म्हणजे आधीच लोखंडाच्या बारीक कीसाने भरलेलं, त्यावर आपल्या रस्त्यावरची धूळ बसली की चेनला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. चेन आतून झिजते.

पण तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, सायकल गॅलरीत कूलरच्या मागे उभी असते. मला तर खरा रोग तिथेच दिसतो! चार महिने रात्रभर कूलरचा ओलावा खाऊन चेन गंजणार नाही तर काय होणार. आधी जागा बदला.

मग जुन्या बनियनच्या फडक्यावर थोडं डिझेल घेऊन चेन पुसा, गॅस आणि देवघराच्या दिव्यापासून लांब, आणि फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळं वाळवा. वाळल्यावर शिलाई मशीनचं तेल, नाहीतर चेनचं मिळतं ते, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल आत पाहिजे, बाहेर दिसणारं तेल फक्त धूळ गोळा करतं. आणि हे करताना चेन आणि दात्यांच्या मधात बोट जाईल असं धरू नका, नातू मदतीला असेल तर त्याला फडकं द्या, पेडल नको.

करकर तरीही थांबली नाही तर चेन मोजा. स्टीलच्या टेपचं शून्य एका पिनच्या मधोमध, तिथून पुढची २४ वी पिन बरोब्बर १२ इंचावर यायला पाहिजे. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली की चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र, तेही गेलं समजा, नुसती नवी चेन टाकली तर ती दात्यांवरून उड्या मारेल.

प्रश्न : रोज फुटाळा तलावापर्यंत जाऊन येते, पण गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. (कॉलेजची विद्यार्थिनी, धरमपेठ)

तुझी सीट खाली आहे, बहुतेक. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले की सुरक्षित वाटतं म्हणून सगळे खालीच ठेवतात. भिंतीला हात लाव, सीटवर बस, टाच पेडलवर ठेव आणि पेडल एकदम खाली ने, पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चालवताना पंजा पेडलवर असला की गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहतो. एकदम वर नको नेऊ, अर्धा-अर्धा सेंटिमीटर करत जा, दोन-तीन दिवस चालवून बघ. कंबर डावी-उजवी हलायला लागली तर जास्त झालं. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, म्हणजे जवळपास ४,८०० किलोमीटर, १२ दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. तेवढं बसायचं असलं तर लोक सीट मिलिमीटरवर मोजतात, तुला सेंटिमीटर पुरे. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरला दाखव, मला नको.

प्रश्न : डिस्क ब्रेक किंचाळत होता म्हणून त्यावर गंज काढायचा स्प्रे मारला. आवाज गेला, पण ब्रेकही गेला. (अकरावीतला मुलगा, सक्करदरा)

अरे बाबा, आवाज गेला कारण ब्रेक आता घासतच नाहीये, घसरतोय. आज ही सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडावर पुसून काढ, चाक थांबलेलं असतानाच, फिरत्या चकतीने बोट जातं, हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. चकतीला दाबून धरणारे पॅड मात्र तेल पिऊन बसलेत, ते नवीनच टाक. नवीन पॅड पहिल्या दिवशी नीट धरत नाहीत, रिकाम्या मैदानावर जरा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबत स्लो करायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं पंधरा-वीस वेळा. ते झाल्याशिवाय सेमिनरी हिल्सच्या उताराकडे फिरकायचं पण नाही. आणि तो स्प्रे आईकडे दे, दाराच्या कड्या कुरकुरत असतील तर तिथे कामात येईल.