पहिल्या सत्राबद्दल विचारलंत म्हणून

नायब तहसीलदारकीतून अभ्यासरजा काढून अमेरिकेत सार्वजनिक धोरण शिकायला यावं का, पहिल्या सत्रात नेमकं काय असतं, आणि पाचवीतल्या मुलीचं कसं होईल, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, फी, बँकेचे कागद हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते मी उगाळत नाही. फक्त नावं तपासा. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टावर सासरचं. या तिन्ही बायका एकच, हे पटवण्यात चार महिने गेले. शेवटी प्रतिज्ञापत्र. आठ वर्षं तहसीलमध्ये लोकांकडून तेच मागत होते, तेव्हा त्याचा ताप कळला नव्हता.

पहिला कोर्स तुम्हाला जड जाणार नाही. जॉन किंग्डन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाची 1984 सालची मांडणी शिकवतात: प्रश्न, उपाय आणि राजकारण हे तीन प्रवाह वेगवेगळे वाहतात, एकत्र आले की धोरणाला वाट मिळते. मी वर्गात आपली रोजगार हमी सांगितली. वि. स. पाग्यांची कल्पना आधीची, 1972 च्या दुष्काळाने तिला वाट दिली, पैशासाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला, 1977 मध्ये कायदा झाला. सत्रभरात मी मोकळेपणाने बोलले ती तेवढीच दहा मिनिटं. बोलण्यालाही गुण असतात, तयारी ठेवा.

दर पंधरवड्याला दोन पानी टिपणी लिहावी लागते, शिफारस पहिल्याच वाक्यात. माझी पहिली टिपणी 'उपरोक्त विषयास अनुसरून'च्या थाटात निघाली आणि शिफारस दुसऱ्या पानाच्या तळाशी गेली. गुण विचारू नका. नेतृत्वाचा भाग मला पातळ वाटला. तज्ज्ञाने सुटणारी अडचण वेगळी आणि लोकांना स्वतः बदलावं लागतं ती वेगळी, हा नेतृत्वाचे अभ्यासक रोनाल्ड हायफेट्झ यांचा भेद तेवढा कामाचा.

आता मुलीचं. शाळेत नाव घालताना एक फॉर्म देतात, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. मी ऐटीत 'मराठी' लिहिलं. त्यावरून मुलाची इंग्रजीची परीक्षा झाली, आणि साताऱ्यात इंग्रजी माध्यमात शिकलेला माझा मुलगा भाषेच्या वेगळ्या वर्गात गेला. परीक्षेच्या दिवशी तो घाबरून गप्प बसला होता. विज्ञानाचा तास सुरू झाला की त्याला उठवून न्यायचे. मी तीनदा शाळेत गेले. काउंटरवरच्या बाई हसून म्हणायच्या, पुढच्या वर्षी परत परीक्षा होईल.

त्याच महिन्यात वर्गात 1974 चा लाऊ विरुद्ध निकोल्स खटला आला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतं आणि मदतही मिळत नव्हती. शाळांनी मदत केलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. म्हणजे ज्या निकालाचं मी वहीत कौतुक लिहीत होते, त्याच्याच वाटेने माझा मुलगा वर्गाबाहेर गेला होता. पुढच्या आठवड्यात मायकेल लिप्स्की या राज्यशास्त्रज्ञाचं 1980 चं पुस्तक: खिडकीमागचा कर्मचारी जे करतो, तेच लोकांपुरतं धोरण असतं. मला आधी त्या बाई आठवल्या. मग सातबाऱ्यावर 'रामा' आणि आधारवर 'रामचंद्र' असलेले एक म्हातारे आठवले. त्यांना मी तीन खेपा घालायला लावल्या होत्या. नियमाने बरोबर होते मी. हे मी टिपणीत लिहिलं नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. दिवाळीत जास्त, बाकी कामात जातो.

तर या, जरूर या, शिकण्यासारखं आहे. पण त्या फॉर्मवर काय लिहायचं हे मला विचारू नका. धाकटीच्या वेळी मी 'इंग्रजी' लिहून मोकळी झाले. तेव्हा ते खोटं होतं. आता आजीचा फोन आला की ती सगळं समजून घेते आणि उत्तर माझ्याकडे बघून इंग्रजीत देते.