मनाला पटेल तेच बोला : वाचकांचे प्रश्न

आत्मविश्वासासाठी स्वतःशी कसे बोलावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. दोनदा थोडक्यात हुकलो. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी आरशासमोर ‘मी हुशार आहे, मी यशस्वी आहे’ असे एकवीस वेळा म्हणतो. पण आतून लगेच ‘खोटं बोलतोस’ असे ऐकू येते आणि अभ्यासाला बसावेसेही वाटत नाही. माझे कुठे चुकते? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : चूक तुमची नाही, वाक्याची आहे. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ मधला अभ्यास नेमका यावरच आहे. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकले, तेव्हा त्यांना बरे वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटले. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच विश्वास होता, त्यांना थोडा फायदा झाला. वाक्य आपल्या समजुतीपासून फार लांबचे असले की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे काढू लागते. तुमच्याकडे तर दोन निकाल तयारच आहेत.

तेव्हा आरसा सोडा आणि वही घ्या. आतला आवाज जे म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. समजा, ‘गणितात मी ढ आहे.’ त्याखाली मागच्या दोन सराव परीक्षांचे पेपर उघडून पाहा. बहुतेक वेळा असे दिसते की शेकडेवारी, सरासरी जमते आणि काळ-काम-वेगात गाडी अडते. आता नवे वाक्य करा. त्यात एक खरी गोष्ट असावी आणि एक ठरलेली कृती असावी : ‘शेकडेवारी मला येते, काळ-काम अजून अडते. आज रात्री जेवण झाल्यावर त्यातली दहा गणिते सोडवणार.’ हे मोठ्याने म्हणा आणि ते कितपत पटले याला दहापैकी गुण द्या. सातपेक्षा कमी आले तर वाक्य लहान करा, दहाची पाच गणिते करा. सात हा आकडा केवळ अंदाजासाठी आहे. मनाने मान डोलावली पाहिजे, एवढेच.

परीक्षेच्या खोलीसाठी ‘असे झाले, तर मी असे करीन’ या साच्यातले एक वाक्य ठेवा. पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनाने हा साचा प्रसिद्ध झाला. उदाहरणार्थ, ‘प्रश्न दोनदा वाचूनही सुटला नाही, तर खूण करून पुढे जाईन.’ अडचण दिसताच काय करायचे ते आधीच ठरलेले असते, म्हणून घाबरण्यात वेळ जात नाही.

इथे तीन ठिकाणी घोळ होतो. ‘घाबरायचं नाही’ यासारखे वाक्य काय टाळायचे ते सांगते, काय करायचे ते सांगत नाही. एकदम दहा वाक्ये धरली तर ऐन वेळी एकही आठवत नाही. आठवड्याला एक पुरे. तिसरा घोळ सर्वांत मोठा : नोकरी लागल्याचे चित्र डोळ्यांसमोर रंगवत बसले की काम झाल्याचे समाधान आधीच मिळते आणि हात ढिले पडतात. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी हे अनेक प्रयोगांतून दाखवले आहे. म्हणून चित्र जरूर पाहा, पण त्याला लागूनच वाटेतला अडथळा पाहा. आणि रोज रात्री वहीत एक ओळ लिहा : आज काय पुरे केले. आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे प्रत्यक्ष पार पाडलेले काम, असे अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्येच मांडले होते. शब्द त्या कामापर्यंत नेतात, त्याची जागा घेत नाहीत.

प्रश्न : चाळिशीत स्कूटर शिकले. रस्त्यावर जमते, पण रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढवताना हात लटपटतात. मनात ‘पडणार, पडणार’ चालू असते. ‘मी धीट आहे’ म्हणून पाहिले, उपयोग झाला नाही. (एक वाचक, चोडण)

उत्तर : इथे कौतुकाचा उपयोग नाही, हातांना हुकूम हवा. खेळाडूंच्या स्वसंवादावरील अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. बारीक कौशल्याच्या कामात हुरूप देणाऱ्या शब्दांपेक्षा सूचना देणारे शब्द अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. तुमच्यासाठी तीन शब्द पुरेत : ‘समोर, हळू, सरळ.’

‘समोर’ म्हणजे नजर चाकाखालच्या लोखंडी पत्र्यावर नको, बोटीत जिथे थांबायचे तिथे हवी. ‘हळू’ म्हणजे उतारावर यायच्या आधीच वेग कमी करायचा आणि पत्र्यावर अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरायचा. ‘सरळ’ म्हणजे पूर्ण आत जाईपर्यंत हँडल वळवायचे नाही. ओल्या लोखंडावर पुढचा ब्रेक अचानक दाबला तर पुढचे चाक घसरते. तुम्हाला जी भीती वाटते तिचे मूळ बहुधा इथेच आहे. हे शब्द आधी मोकळ्या मैदानावर, हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणत गाडी चालवा. मग दुपारच्या रिकाम्या फेरीला, आणि शेवटी सकाळच्या ऑफिसच्या गर्दीत. मागच्याने हॉर्न दिला तर? ‘हॉर्न वाजला, तर समोरच पाहीन.’ ओहोटीला धक्क्याचा खालचा बुळबुळीत भाग उघडा पडतो. त्या वेळी उतरून गाडी ढकलत नेली तर त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न : आमचे पथक कला अकादमीच्या भजन स्पर्धेत उतरते. सरावात आवाज छान लागतो, स्पर्धेत पहिल्याच अभंगाला कापतो. ‘शांत हो’ असे स्वतःला बजावले की धडधड आणखी वाढते. (एक गायक, फोंडा तालुका)

उत्तर : धडधड हुकमाने थांबत नाही, पण तिचा अर्थ बदलता येतो. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ म्हणणारे लोक ‘मी घाबरलो आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक सुरात गायले. तेव्हा ‘शांत हो’ सोडा आणि ‘अंग तयार झालंय, आता गायचंय’ असे म्हणा.

दुसरी गोष्ट, ‘माझं काय होईल’ असे न म्हणता स्वतःला नावाने हाक मारा आणि शिष्याला सांगावे तसे सांगा : ‘पेटीचा सा ऐक. श्वास पूर्ण सोड. पहिला स्वर लांब धर.’ स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगी स्वतःला सावरणे सोपे जाते, असे ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत आढळले. सूर निसटला तर फक्त ‘पुढची ओळ’. कुठे चुकले याची चौकशी दुसऱ्या दिवशी करा, परतीच्या गाडीत नको. तिथे सगळेच थकलेले असतात. हे सारे शब्द तालमीतही वापरा, नाहीतर ते ऐन वेळी ओठांवर येणार नाहीत.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. भिंतीवर ‘मला ९५ टक्के मिळणारच’ असे लावून रोज म्हणायला लावते. तीन आठवडे ती नीट झोपत नाही. परवा म्हणाली, ‘मी नसलेलीच बरी.’ आणखी कोणती सकारात्मक वाक्ये द्यावीत? (एक आई, म्हापसा)

उत्तर : ताई, सध्या एकही देऊ नका आणि तो कागद आजच काढा. ‘मी नसलेलीच बरी’ हे वाक्य गांभीर्यानेच घ्यायला हवे. तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट बोलायला वाट मिळते. ती सांगेल ते मधे न तोडता ऐका, तिला एकटे ठेवू नका, घरातली औषधे कुलपात ठेवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार संस्थेत तिला या एकदोन दिवसांतच घेऊन जा. तिने काही करून घेण्याचे बोलून दाखवले, तर दिवस उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.